शंका-समाधान : आकाशाला लावलेला कान

गेल्या महिन्यांत या सदराकडे जीं पत्रें आलीं, त्यांपैकीं एकाच पत्राच्या उत्तरांत या वेळचीं सर्व पानें खर्च करावीं, असें मीं ठरविलें आहे. इतर वाचकांनीं रागावूं नये. पत्र एका गृहिणीचें आहे. घर मोठें, तीन भावांचें एकत्र कुटुंब. धाकट्या दिरांचा मुलगा पदार्थविज्ञानाची पदवी चांगल्या गुणांनीं मिळवून बसला आहे, आणि आतां पुढें रेडिओ-खगोलशास्त्र शिकावयाचें व पृथ्वीबाहेरील बुद्धिमान् प्राण्यांचा शोध घेणाऱ्या संशोधकांत जाऊन मिळावयाचें, असा त्याचा निश्चय आहे. मुलाचे थोरले काका, म्हणजे पत्रलेखिकेचे यजमान, म्हणतात कीं, पासष्ट वर्षांहून अधिक काळ हे लोक आकाशाला कान लावून बसले आहेत आणि अद्यापि त्यांस एक अक्षर ऐकूं आलेलें नाहीं. अशा कामांत घरांतल्या मुलानें जन्म घालवावा काय? बाई लिहितात, "यांचें म्हणणें मला खोटें वाटत नाहीं, आणि मुलाचें तोंड पाहिलें कीं त्याचेंही खोटें वाटत नाहीं. घरांत पंधरा दिवस कोणी कोणाशीं धड बोललेलें नाहीं. आपण शिक्षक होतां, काय तें सांगावें."

पंधरा दिवस अबोला धरण्याजोगा हा विषय आहे काय, असें कांहीं वाचकांच्या मनांत येईल. माझ्या मतें आहे. मुलाचें आयुष्य कोणत्या कामीं लागावें, यापेक्षां मोठा प्रश्न एकत्र कुटुंबापुढें सहसा येत नाहीं.

प्रथम एक गोष्ट बाजूस सारूं. आपल्या पुराणांत चौदा भुवनें आहेत, यक्ष-गंधर्व-किन्नर आहेत. तेव्हां हें सर्व आमच्या पूर्वजांस ठाऊकच होतें, असें म्हणणारे गृहस्थ प्रत्येक आळींत एक तरी असतात. संस्कृत ग्रंथांवर माझें प्रेम त्यांच्याहून कमी नाहीं, आणि म्हणूनच मला हें बोलणें रुचत नाहीं. गंधर्वलोकाची कल्पना करणें ही एक गोष्ट. अमुक ताऱ्याकडून अमुक लांबीची लहर अमुक वेळीं आली कीं नाहीं, हें मोजून पाहणें ही अगदीं दुसरी. येथें विषय दुसऱ्या गोष्टीचा आहे.

मोजण्यापूर्वींच मानून बसलें म्हणजे काय होतें, याचें उदाहरण मंगळाचें. १८७७ सालीं इटलींतील ज्योतिषी स्कियापारेल्ली यांना मंगळावर कांहीं रेषा दिसल्या, व त्यांना त्यांनीं आपल्या भाषेंत 'कनाली' असें नांव दिलें. या शब्दानें ओढाही समजतो आणि कालवाही समजतो. इंग्रजींत जातांना त्याचा नुसता कालवा झाला. आतां ओढा आपोआप वाहतो, पण कालवा म्हटला कीं तो खणणारा आला, खणणाऱ्याला हुकूम देणारा आला, आणि पाण्याची टंचाईही आली! अमेरिकेंतील धनिक लोवेल यांनीं १८९४ सालीं ॲरिझोना प्रांतांत खास वेधशाळा बांधून या कालव्यांचे नकाशे काढले व मंगळवासीयांवर ग्रंथ लिहिले. लोकांचा विश्वास इतका बसला कीं, १९०० सालीं फ्रान्समध्यें दुसऱ्या ग्रहाशीं दळणवळण साधणाऱ्यास एक लक्ष फ्रँकांचें जें बक्षीस जाहीर झालें, त्यांतून मंगळ वगळण्यांत आला होता. कारण मंगळाशीं बोलणें हें फारच सोपें काम! पुढें १९६५ च्या जुलैंत मॅरिनर-४ हें यान मंगळाजवळून गेलें आणि त्यानें धाडलेल्या छायाचित्रांत कालवा नव्हता, ओढा नव्हता, नुसते खळगे होते. भाषांतर करणाऱ्यांनीं ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी.

पाहण्याचें सोडून ऐकण्याची कल्पना आली ती १९५९ सालीं. कोक्कोनी आणि मॉरिसन या दोन पदार्थवैज्ञानिकांनीं 'नेचर' या नियतकालिकांत एक लहानसा लेख लिहिला. त्यांचा विचार असा : ताऱ्यांमधील अंतरें यान पाठविण्याच्या पलीकडचीं आहेत, परंतु रेडिओच्या लहरी तीं अंतरें सहज तोडतात. मग दूरच्या कोणास आपणांस हांक मारावयाची असेल, तर तो कोणती लहर निवडील? विश्वांत सर्वत्र भरलेलें द्रव्य म्हणजे हायड्रोजन. तो स्वभावतःच एकवीस सेंटिमीटर लांबीची, म्हणजे जेमतेम वीतभर, लहर सोडतो. सेकंदाला तिचीं सुमारें १४२ कोटि कंपनें होतात. खगोलाचा अभ्यास करणारा कोणीही, कोठेंही असो, ही लहर त्यास ठाऊक असणारच. अनोळखी गांवांत चुकामूक झालेलीं दोन माणसें जशीं देवळाच्या दारांत येऊन उभीं राहतात, तशी ही जागा आहे.

दुसऱ्याच वर्षीं, १९६० च्या ८ एप्रिलला, वेस्ट व्हर्जिनियांतील ग्रीन बँक येथें फ्रँक ड्रेक नांवाच्या तरुण ज्योतिषानें पंचाऐंशी फूट व्यासाची रेडिओ-दुर्बीण प्रथम टाउ सेटी या ताऱ्याकडे व नंतर एप्सायलॉन एरिडानी या ताऱ्याकडे वळविली. दोन्ही तारे सूर्यासारखे आणि जवळचे, म्हणजे दहा-बारा प्रकाशवर्षांवरचे. दुसऱ्या ताऱ्याकडे यंत्र वळतांच मोठमोठे ठोके ऐकूं येऊं लागले! एकाच वेळीं आनंद आणि धास्ती वाटावी असा तो प्रसंग. परंतु यंत्र क्षणभर बाजूला नेऊन पुन्हां आणावें तों ठोके गेलेले. पुढें कांहीं दिवसांनीं ते पुन्हां आले, तेव्हां भलतीकडे तोंड केलेल्या लहान ग्राहकांतही ते ऐकूं आले. म्हणजे ते ताऱ्याचे नव्हते, पृथ्वीवरचेच होते, बहुधा एखाद्या विमानाचे. अशा रीतीनें शोधाच्या पहिल्याच दिवशीं या विद्येचा पहिला धडा मिळाला : जें ऐकूं येतें तें बहुतेक वेळां आपलेंच असतें. उन्हाळाभर ऐकून ड्रेक यांच्या हातीं कांहीं लागलें नाहीं.

आतां थोरल्या काकांचा मुख्य प्रश्न : हातीं काय लागलें? याचें उत्तर देण्यासाठीं मी केंब्रिजच्या एका विद्यार्थिनीची हकीकत सांगतों, कारण ती मला सर्वांत बोधप्रद वाटते. जोसेलिन बेल ही बाई परग्रहवासीयांच्या शोधांत मुळींच नव्हती. क्वासार नांवाच्या दूरच्या तेजोगोलांचा अभ्यास करण्यासाठीं तिनें आणि तिच्या सोबत्यांनीं साडेचार एकर रानांत खांब ठोकून, तारा ओढून, एक मोठें ग्राहकयंत्र उभें केलें. यंत्र चालूं झाल्यावर रोज सुमारें शंभर फूट कागदावर रेघा उमटत, आणि त्या सर्व तिला डोळ्यांनीं तपासाव्या लागत. १९६७ च्या उन्हाळ्यांत तिला त्या शेंकडों फूट कागदांत बोटभर जागेंत एक खरबड दिसली. ती ताऱ्यासारखी नव्हती, आणि मोटारीच्या ठिणगीसारखीही नव्हती. दुसरा कोणी असता तर त्यानें पान उलटलें असतें. तिला आठवलें कीं, अशीच खरबड आकाशाच्या याच भागांतून पूर्वींही आली होती.

येथें आपल्या जुन्या ज्योतिषाचा एक भेद उपयोगी पडतो. सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचा सावन दिवस आणि नक्षत्र पुन्हां त्याच जागीं येईपर्यंतचा नाक्षत्र दिवस, यांत सुमारें चार मिनिटांचें अंतर आहे. सिद्धान्तग्रंथ वाचणारास हें सांगावयास नको. मनुष्यानें केलेला कोणताही उपद्रव, मग तो गिरणीचा असो कीं विजेच्या दिव्याचा, सावन दिवसाप्रमाणें घड्याळ लावून येतो. बेलबाईंची खरबड मात्र नाक्षत्र दिवसाप्रमाणें, रोज चार मिनिटें आधीं येत होती. म्हणजे ती ताऱ्यांबरोबर फिरत होती. कागद जलद पळवून पाहतां तिच्यांत ठोके दिसले, दर १.३३ सेकंदांनीं एक, घड्याळालाही लाजविणारे. मग मात्र तिच्या गुरूंच्या मनांतही शंका आली, आणि त्या स्थानाला थट्टेनें कां होईना, 'छोटे हिरवे पुरुष' असें टोपणनांव मिळालें. हे ठोके एखाद्या ग्रहावरून येत असतील, तर ग्रह आपल्या सूर्याभोंवतीं फिरतांना ठोक्यांचें अंतर कमीजास्त झालें पाहिजे. तसें होतें काय, हें गुरु ह्यूइश यांनीं तपासलें. झालें नाहीं. त्याच डिसेंबरांत बाईंनीं आकाशाच्या अगदीं दुसऱ्या भागांत तसलाच दुसरा ठोकेवाला शोधून काढला, आणि दोन निरनिराळ्या जागांहून दोन निरनिराळ्या जाती एकाच वेळीं आपणांस हांक मारीत असतील हें असंभवनीय ठरून परग्रहवासी निकालांत निघाले. राहिला तो पल्सार : आपल्या सूर्याहून अधिक द्रव्य चारसहा कोसांच्या गोळ्यांत कोंडून गरगर फिरणारा मृत तारा. असे तारे असूं शकतील असें कागदावर मांडलें गेलें होतें. कोणीं ते ऐकले नव्हते.

१९७४ सालीं या शोधाचें नोबेल पारितोषिक गुरूंना मिळालें, शिष्येला मिळालें नाहीं. त्यावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. मला स्वतःला तो निवाडा अन्यायाचा वाटतो. पण बाईंनीं त्याबद्दल कडवटपणा धरिला नाहीं, आणि २०१८ सालीं तीस लक्ष डॉलरांचें दुसरें मोठें पारितोषिक मिळालें तेव्हां तें सगळें विद्यार्थ्यांना देऊन टाकिलें. थोरल्या काकांनीं ही हकीकत सावकाश वाचावी. तिच्यावरून 'ऐकणारास नेहमीं कांहीं तरी सांपडतेंच' असें मात्र समजूं नये. तसें वचन मी मुलाला देणार नाहीं आणि कोणीं देऊं नये. मला एवढेंच दिसतें कीं, शंभर फूट कागदांतली बोटभर खरबड ओळखण्याची संवय ही विद्या आहे, आणि ती ज्याच्या अंगीं आहे त्याचा जन्म वायां जात नाहीं.

उलट बाजूचें उदाहरणही दिलें पाहिजे. १५ ऑगस्ट १९७७ या दिवशीं अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत 'मोठा कान' असें नांव असलेल्या रेडिओ-दुर्बिणींत धनु राशीच्या दिशेनें एक जोरदार लहर आली, ती बरोबर त्या वीतभर लांबीच्या आसपासची. ही दुर्बीण जागची हलत नसे. पृथ्वी फिरेल तसें आकाश तिच्यापुढून सरके, आणि कोणताही तारा तिच्यापुढें ७२ सेकंद राहत असे. ही लहरही बरोबर ७२ सेकंद चढली व उतरली. कांहीं दिवसांनीं कागद तपासतांना जेरी एमन यांनीं त्या आंकड्यांभोंवतीं लाल रेघ ओढून समासांत जो उद्गार लिहिला, त्याला आपल्याकडे 'अबब!' म्हणतां येईल. त्याच नांवानें ती लहर प्रसिद्ध आहे. दुर्बिणीला दोन कर्णे होते. पहिल्यानें ऐकलेलें दुसऱ्यानें तीन मिनिटांच्या अंतरानें ऐकावयास हवें होतें. एकानेंच ऐकलें. पुढें अनेकांनीं अनेकदां त्या जागेकडे कान लाविला. पुन्हां कांहीं आलें नाहीं. दारावर एकदांच थाप पडावी, उघडून पाहावें तों कोणी नाहीं, अशांतली ही गोष्ट. ती थाप खरी होती कीं वाऱ्यानें फळी हलली, हें सांगणारा पुरावा उरला नाहीं, आणि ती दुर्बीणही १९९८ सालीं मोडून तेथें गोल्फचें मैदान झालें. 'पुन्हां न घडणारें तें प्रमाण नव्हे' हा नियम मुलानें मनांत पक्का ठेवावा.

गृहिणींना हंसूं येईल अशी एक गोष्ट ऑस्ट्रेलियाची. पार्क्स येथील मोठ्या रेडिओ-दुर्बिणींत १९९८ पासून अधूनमधून क्षणभर टिकणारे चमत्कारिक झटके येत. विद्वान् लोक बुचकळ्यांत पडले. ते बहुधा दुपारच्या जेवणाच्या सुमारास येतात, हें ध्यानांत आलें तेव्हां संशय योग्य ठिकाणीं वळला. २०१५ सालीं उलगडा झाला : वेधशाळेच्या स्वयंपाकघरांत कोणी तरी अन्न गरम करतांना मायक्रोवेव्हची घंटी वाजण्यापूर्वींच त्याचें दार उघडीत असे. भूक अनावर झालेला एक शास्त्रज्ञ आणि विश्वाचें एक गूढ, यांत अंतर किती थोडें असतें पाहा! त्याच दुर्बिणींत २०१९ सालीं सूर्याच्या सर्वांत जवळच्या प्रॉक्झिमा या ताऱ्याच्या दिशेनें आलेली एक लहर फार आशादायक वाटली होती. दोन वर्षें चाळण लावून पाहिल्यावर तीही आपल्याच यंत्रांची निघाली. मला या दोन्ही गोष्टींचा अभिमान वाटतो. ज्यांना परग्रहवासी हवे आहेत, तेच इतक्या कठोरपणें स्वतःची आशा मोडून काढतात, हें सर्व विद्यांत दिसत नाहीं.

काका म्हणतील, तें सर्व खरें. पण इतकी वर्षें ऐकून शांतता ती शांतताच. येथें दोन गोष्टी पाहाव्या. एक, ऐकलें किती? तारे आपल्या आकाशगंगेंतच अब्जावधि. त्यांपैकीं एकेक तारा, एकेक लहर, दिवसाची एकेक वेळ धरून ऐकावें लागतें. तुम्ही कान लाविला त्या क्षणीं तिकडून कोणी बोलत असला पाहिजे. या कामांत जन्म घालविलेल्या जिल टार्टर यांनीं समुद्रांतून पेलाभर पाणी काढण्याची उपमा दिली आहे. आपण पळीभर म्हणूं. समुद्रांतून आचमनापुरतें पाणी घेतलें, त्यांत मासा आला नाहीं, एवढ्यावरून समुद्रांत मासे नाहींत असें कोण म्हणेल? तसेंच, तेथें मासे आहेतच, असेंही त्या पळीवरून म्हणतां येत नाहीं. सूर्याशिवाय दुसऱ्या साध्या ताऱ्याभोंवतीं ग्रह फिरतो हें १९९५ सालीं प्रथम सिद्ध झालें, आणि २०२५ सालीं अशा ग्रहांची संख्या सहा हजारांस पोहोंचली. ड्रेक यांनीं ऐकावयास आरंभ केला तेव्हां एकही ठाऊक नव्हता. जागा पुष्कळ आहेत, हें आतां नक्की झालें आहे. बिऱ्हाडें आहेत कीं नाहींत, तें अद्याप नाहीं.

दुसरी गोष्ट काळाची. टाउ सेटी हा अगदीं शेजारचा. तरी त्याच्याकडे प्रश्न जावयास बारा वर्षें आणि उत्तर यावयास बारा वर्षें. मुंजीच्या दिवशीं बटूनें प्रश्न पाठविला, तर उत्तर येईतों त्याच्या घरांत पाळणा हललेला असेल. पन्नास प्रकाशवर्षांवरचा तारा असेल तर पणजोबांनीं विचारावें आणि पणतूनें ऐकावें. हें संभाषण कोणा एका माणसाचें नसतेंच; तें घराण्याचें असतें. आजचीं विभक्त बिऱ्हाडें पाहतां कोणास तें विचित्र वाटेल, परंतु एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस वाटूं नये. आपण आंबा लावितों तो कोणासाठीं? तर्पणांत बाप, आजा, पणजा यांचीं नांवें घेतों, तीं कांहीं उलट टपालीं उत्तर यावें म्हणून नव्हे.

पैशाचा आक्षेपही नवा नाहीं. अमेरिकेच्या सरकारी अवकाशसंस्थेनें १९९२ च्या ऑक्टोबरांत या शोधाचें मोठें काम सुरू केलें, आणि वर्षभरांतच तेथील प्रतिनिधींनीं त्याचा पैसा बंद केला. इतके पैसे ओतूनही एक मंगळवासी आपल्या दारीं आला नाहीं, अशा अर्थाचा टोला एका सिनेटरनें मारिला होता. म्हणजे आमचे थोरले काका तेथेंही आहेत! तेव्हांपासून हें काम मुख्यतः खासगी देणग्यांवर चाललें आहे. २०१५ सालीं एका धनिकानें दहा वर्षांकरितां दहा कोटि डॉलर देऊं केले, तेव्हां त्याला पुन्हां जोर आला. सरकारनें यावर किती खर्च करावा याबद्दल माझें मत फारसें उदार नाहीं. ज्या देशांत गांवोगांवच्या शाळांना प्रयोगशाळा नाहीं, तेथें आधीं ती व्हावी. परंतु दुसऱ्या कामासाठीं उभ्या केलेल्या दुर्बिणीनें फावल्या वेळीं हेंही ऐकावें, यास कोणाची हरकत असूं नये.

ऐकण्याबद्दल हें झालें. बोलण्याबद्दल माझें मत निराळें आहे. १९७४ च्या १६ नोव्हेंबरला पोर्तो रिकोंतील अरेसिबो येथून शौरी तारकासमूहांतील एका तारकागुच्छाकडे तीन मिनिटांहून कमी वेळांत १६७९ खुणांचा एक संदेश पाठविण्यांत आला. तेथें पोहोंचावयास त्याला वीस-पंचवीस हजार वर्षें लागतील. त्या वेळींच इंग्लंडचे ज्योतिषी मार्टिन राईल यांनीं, आपण येथें आहों हें अनोळखी लोकांस ओरडून सांगणें शहाणपणाचें नाहीं, असा इशारा दिला होता. मला भीतीपेक्षां रीतीचा प्रश्न मोठा वाटतो. घराच्या वतीनें परक्यास पत्र जावयाचें असेल तर एका मुलानें तें परस्पर टाकूं नये, वडील मंडळींस विचारावें. मग सर्व पृथ्वीच्या वतीनें चार पंडितांनीं परस्पर पत्र टाकावें, हें कोणत्या रीतींत बसतें?

तरी एक पत्र असें गेलें आहे कीं, त्याच्यावर मला रागावतां येत नाहीं. 'अबब' लहर आली त्यानंतर पांचच दिवसांनीं, २० ऑगस्ट १९७७ ला, व्हॉयेजर-२ हें यान निघालें, आणि ५ सप्टेंबरला व्हॉयेजर-१. दोहोंवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक ध्वनिमुद्रिका आहे. कार्ल सेगन यांच्या मंडळानें तिच्यांत पंचावन्न भाषांतील अभिवादनें, पृथ्वीवरचे आवाज आणि सुमारें दीड तासाचें संगीत भरलें. त्या भाषांत मराठी आहे. एक मराठी भगिनी तेथें नमस्कार करून, पृथ्वीवरील लोकांच्या शुभेच्छा सांगून, या जन्मीं तुम्ही धन्य व्हावें अशी इच्छा व्यक्त करते. 'या जन्मीं' म्हणजे पुढचेही आहेत, हें ऐकणारानें आपलें आपण समजून घ्यावयाचें! सुमेरी, अक्कदी, हित्ती, लॅटिन या भाषा त्यांत आहेत आणि संस्कृत नाहीं, ही बोच मला आहे. ती येथें लिहून टाकितों आणि पुढें जातों.

कारण पुढें केसरबाई आहेत. गोव्यांतील केरी गांवीं १८९२ सालीं जन्मलेल्या, अल्लादियाखांसाहेबांच्या कठोर तालमींत तयार झालेल्या सुरश्री केसरबाई केरकर यांची सुमारें साडेतीन मिनिटांची भैरवी त्या मुद्रिकेंत आहे. ध्वनिमुद्रणाविषयीं बाई फार काटेकोर असत आणि सहजासहजीं आवाज देत नसत. व्हॉयेजर-१ निघाल्यावर अकराव्या दिवशीं, १६ सप्टेंबर १९७७ ला, त्या वारल्या. २०१२ सालीं तें यान सूर्याच्या वाऱ्याच्या कक्षेबाहेर पडलें. आतां तें इतकें दूर आहे कीं, त्याचा शब्द येथें पोहोंचावयास जवळजवळ एक अहोरात्र लागतें; आणि सुमारें चाळीस हजार वर्षांनीं तें दुसऱ्या एका ताऱ्याच्या जरा जवळून जाईल. त्याची वीज फार दिवस पुरणार नाहीं. भैरवीला विजेची जरूर नाहीं. ती तांब्यांत कोरलेली आहे. मैफलीच्या शेवटीं म्हणावयाचा राग त्यांनीं निवडला, हें निवडणारांना बहुधा ठाऊक असावें.

आतां बाईंच्या प्रश्नास सरळ उत्तर. मुलास जाऊं द्यावें. मात्र त्यानें 'परग्रहवासी शोधावयास जातों' असें न म्हणतां 'रेडिओ-खगोलशास्त्र शिकावयास जातों' असें म्हणावें, आणि मनांतही तसेंच धरावें. बेलबाईंसारखें आधीं खांब ठोकावयास शिकावें. त्यासाठीं परदेशींच गेलें पाहिजे असें नाहीं. पुण्यास विद्यापीठाच्या आवारांत राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे, आणि डॉ. जयंत नारळीकर ज्या संस्थेचे आरंभींचे संचालक होते ती आयुका संस्थाही तेथेंच आहे. प्रवेशपरीक्षा अवघड असतात; परंतु जो निवडला जातो त्यास छात्रवृत्ति मिळते, घरावर भार पडत नाहीं. काकांचा अर्धा राग यानें जावा.

उरलेल्या अर्ध्यासाठीं त्यांनीं स्वतः मुलाबरोबर खोडदला जावें. जुन्नर तालुक्यांत, नारायणगांवाजवळ, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभी राहिलेली ती महाकाय रेडिओ-दुर्बीण आहे : पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांतल्या चौदा एका ठिकाणीं आणि सोळा पंचवीस किलोमीटरांच्या परिसरांत शेतांमधून विखुरलेल्या. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचें एक यान मंगळावर उतरूं लागलें, तेव्हां त्याचा अगदीं मंद आवाज खोडदच्या तबकड्यांनीं ऐकला. दिव्याच्या एका लहान बल्बाएवढ्या शक्तीचा तो आवाज मंगळापासून येथें यावयास सुमारें दहा मिनिटें लागलीं. तो उतरण्याच्या थोडा आधीं एकाएकीं थांबला, आणि यान आदळून फुटलें हें पुढें सिद्ध झालें. त्या यानाचें नांव स्कियापारेल्ली होतें.

राष्ट्रीय विज्ञानदिनीं, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला प्रदर्शन भरतें आणि दुर्बीण सर्वांना पाहावयास मिळते. सकाळीं लवकर निघावें, गर्दी फार असते. शाळांचीं मुलें आपापले प्रयोग घेऊन आलेलीं असतात, तेही पाहावे. तबकड्यांजवळ जातांना खिशांतला मोबाइल फोन बंद करावा. त्याचा आवाज त्या यंत्रांना कोणत्याही ताऱ्याहून मोठा ऐकूं येतो.